सेस्ना १७२ ची वार्षिक तपासणी: पैसे जातात कुठे?

अमेरिकेत स्वतःचं सेस्ना १७२ उडवायचं, तर दर १२ कॅलेंडर महिन्यांनी वार्षिक तपासणी हवीच. ५ मार्चला झाली, तर मुदत पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत! ठरलेली फी असते ती फक्त उघडून तपासण्याची; खरा खर्च त्यानंतर. प्रत्येक सिलिंडरमध्ये ८० पीएसआय दाबाने हवा सोडून किती गळते ते मोजतात. एक सिलिंडर बदलायचा ठरला, तरी बिल हजारो डॉलरनी वाढतं. चाकं आत घेणाऱ्या विमानांची फी आणखी जास्त, कारण जॅकवर चढवून चाकं आत-बाहेर करून बघावी लागतात.

मेकॅनिक तयार असेल तर त्याच्या देखरेखीखाली झाकणं उघडणं, साफसफाई, ग्रीसिंग मालकाने स्वतःच करावं. मजुरी वाचते, शिवाय आपलं विमान आतून कळतं. मला तर हेच जास्त मोलाचं वाटतं. आणि दुरुस्तीचा अंदाज काम सुरू होण्याआधी लेखी घ्या.