उणिवांनी मोठा केलेला खेळ

1996 च्या ई-थ्री या व्हिडिओ गेम्सच्या प्रदर्शनात ब्लिझार्ड या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने ‘स्टारक्राफ्ट’चा नमुना मांडला, तेव्हा पाहणाऱ्यांनी नाकं मुरडली. कंपनीच्याच ‘वॉरक्राफ्ट’ला अंतराळाचा रंग फासलाय, एवढीच त्याची संभावना झाली. टीका झोंबली. इंजिनाचा मोठा भाग नव्याने लिहून झाला आणि 31 मार्च 1998 रोजी खेळ बाजारात आला.

यात बुद्धिबळासारखी पाळी नसते. खनिजं खणायची, इमारती उभारायच्या, फौज लढवायची, सगळं एकाच वेळी. समोरचाही तेच करत असतो. हा साचा 1992 च्या ‘ड्यून टू’ने रुळवला होता. पण ‘वॉरक्राफ्ट टू’मध्ये दोन्ही पक्ष जवळपास सारखेच होते. इथे पक्ष तीन आणि तिघांचे स्वभाव वेगळे. टेरन ही पृथ्वीवरून हद्दपार झालेली माणसं, त्यांच्या काही इमारती चक्क उडून दुसरीकडे जातात. झर्गांच्या एकाच अळीतून 50 खनिजांत दोन झर्गलिंग निघतात. प्रोटॉसांचे सैनिक मोजके, महागडे. तरीही तिघांत जिंकण्याची संधी जवळपास सारखी, ही खरी करामत.

खेळाची गोडी मात्र त्याच्या उणिवांनी वाढवली. खनिजं वाहणारे कामगार एकमेकांना अडून खोळंबायचे. पॅट्रिक वायट या प्रोग्रॅमरने घाईघाईत तोड काढली: खाणकाम करताना त्यांनी एकमेकांच्या आरपार जावं. खेळाडूंनी याचंच हत्यार केलं. खनिजाकडे निघालेला कामगार शत्रूच्या फळीतूनही निसटतो! एका वेळी बाराच सैनिक निवडता येतात, ही दुसरी अडचण. झर्गांची उडती म्युटालिस्क विखुरतात, पण अकरांच्या गटात दूरचा एक ओव्हरलॉर्ड (झर्गांचाच दुसरा उडता जीव) घेतला की सगळी एका ठिपक्यात गोळा होतात आणि एकदम डंख मारतात. मोठी फौज डझनाडझनाने हाकायची म्हणजे बोटं चपळ हवीत. अव्वल खेळाडू मिनिटाला तीनशेहून जास्त आज्ञा देतात.

ही चपळाई बघण्यासारखी आहे, हे दक्षिण कोरियाने ओळखलं. 1997 च्या आर्थिक संकटानंतर तिथे ब्रॉडबँड पसरलं, गल्लोगल्ली ‘पीसी बांग’ म्हणजे संगणकावर खेळायचे अड्डे निघाले आणि या खेळाचे सामने टीव्हीवर दिसू लागले. टेरनांचा ‘सम्राट’ लिम यो-ह्वान घराघरात पोहोचला. 2004 मध्ये बुसानच्या ग्वांगाल्ली किनाऱ्यावरच्या अंतिम सामन्याला लाखभर लोक आल्याचं सांगतात. 2007 मध्ये हवाई दलाने सक्तीच्या लष्करी सेवेतल्या खेळाडूंचा संघच काढला. पैशाबरोबर कीडही लागली: 2010 मध्ये सामने ठरवून हरल्याबद्दल नावाजलेले खेळाडू कायमचे बाद झाले.

ब्लिझार्डने नियमांतला शेवटचा मोठा बदल 2001 मध्ये केला. पुढे समतोल सांभाळला तो नकाशे बनवणाऱ्यांनी: एखादा पक्ष डोईजड झाला की खिंड अरुंद करायची, खनिजं लांब न्यायची. याच खेळासोबत नकाशे घडवायचं साधन फुकट मिळे. त्यात चाहत्यांनी केलेल्या ‘इऑन ऑफ स्ट्राइफ’पासून ‘डोटा’ या खेळाची वाट निघाली.

मूळ ‘स्टारक्राफ्ट’ 2017 पासून फुकट मिळतो. बेताचा लॅपटॉपही त्याला पुरतो. पहिल्यांदा खेळणाऱ्याने टेरनांपासून सुरुवात करावी.