हलके काम आणि मानेचा शिणवटा

शिवणयंत्रावर दिवसभर कापड सरकवणारा कारागीर संध्याकाळी मान चोळू लागला, म्हणजे ‘ओझे तर काही उचलले नाही, मग मान का दुखावी?’ असा प्रश्न स्वाभाविकपणे विचारला जातो. स्नायूचा थकवा केवळ भाराच्या वजनावर अवलंबून असतो, असा समज या प्रश्नामागे आहे. वस्तुतः विश्रांतीच्या अभावालाही तितकेच महत्त्व असते.

हात पुढे धरून बोटे चालत असता, खांदा तोलून धरण्याचे काम समलंब स्नायू (कवटीच्या मागील भागापासून खांद्यापर्यंत व खाली पाठीपर्यंत पसरलेला स्नायू) अखंड करीत असतो. त्यातील प्रेरक एकके (एक चेतापेशी व तिच्या हुकमाखालील स्नायुतंतू) ठरलेल्या क्रमाने कामास लागतात: लहान आधी, मोठी नंतर, आणि जोर ओसरू लागला की मोठी आधी सुटतात. कचेरीचे दार उघडणारा शिपाई जसा सर्वांआधी हजर होतो आणि साहेब व कारकून गेल्यावर कुलूप लावूनच घरी जातो, मग त्या दिवशी काम थोडे असो वा फार, तशीच या लहान एककांची गत होते. स्वीडिश संशोधक योरान हेग यांनी १९९१ मध्ये मांडलेला हा तर्क परीकथेतील, सर्वांआधी उठून सर्वांनंतर निजणाऱ्या सिंड्रेलाच्या नावाने ओळखला जातो.

म्हणून हात नुसते मंदावल्याने विसावा मिळतोच असे नाही. ते मांडीवर टेकवून खांदे सैल सोडावेत, तेव्हाच या शिपायास रजा मिळते, आणि ती कामाच्या ओघातच वरचेवर, थोडी थोडी देणे हितावह.