पदकांची थकबाकी

लष्करातून सुटून आलेल्या जवानाच्या घरी एक पुस्तिका हमखास जपून ठेवलेली असते. तिला सगळे डिस्चार्ज बुक म्हणतात. आर्मी नंबर, हुद्दा, नाव, बापाचे नाव, गाव, भरतीची तारीख, सुटण्याची तारीख, सुटण्याचे कारण, वर्तणूक, अंगावरच्या ओळखखुणा, आणि त्यातच एक रकाना पदकांचा. पेन्शनचा कागद हरवला तर घरात रडारड होते, कारण त्यावर चूल पेटते. पदकांचा रकाना अर्धवट राहिला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. तो जवान सोडून.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा, गडचिरोलीतल्या एटापल्लीकडचा एक जवान मार्च १९६३ मध्ये भरती झाला आणि पंधरा वर्षांची नोकरी करून १९७८ मध्ये घरी आला. त्याच्या पुस्तिकेत एकट्या सैन्य सेवा पदकाची नोंद आहे. आता नुसत्या तारखा जुळवायच्या. ५ ऑगस्ट १९६५ रोजी ज्याची १८० दिवसांची सेवा झालेली होती, त्याला ‘रक्षा पदक १९६५’ लागू होते. याची तोवर दोन वर्षांहून अधिक झाली होती. १५ ऑगस्ट १९७२ रोजी जो जो सेवेत होता, त्याला स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचे पदक. हा त्या दिवशी सेवेतच होता. ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळात पंजाब, राजस्थान, जम्मू-काश्मीर, गुजरात, पश्चिम बंगाल, आसाम अशा ठरावीक प्रदेशांत ज्याची नेमणूक होती त्याला संग्राम पदक, आणि प्रत्यक्ष आघाडीवरच्या पलटणींना पूर्वी किंवा पश्चिमी स्टार. पलटण कुठे होती हे कळले की तोही प्रश्न सुटतो. वर्तणूक चांगली असेल तर नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचे पदक वेगळेच. म्हणजे ज्या पुस्तिकेत एक पदक दिसते, त्याच पुस्तिकेतल्या दोन तारखा आणखी किमान दोन पदकांची ग्वाही देतात. त्यासाठी साक्षीदार लागत नाही, शिफारस लागत नाही, वशिला तर मुळीच नाही.

शौर्यपदक आणि मोहिमेचे पदक यांत लोक गल्लत करतात, म्हणून हे सांगणे भाग आहे. परमवीरचक्र, वीरचक्र, सेना पदक ही कुणीतरी पाहिलेल्या आणि लिहून वर पाठवलेल्या पराक्रमाची पदके. तिथे निवड असते, मतभेद असतात, मुदती असतात. मोहिमेच्या आणि सेवेच्या पदकांत निवड नाही. अट पूर्ण झाली की हक्क उभा राहिला. या पदकांवर एक रुपयाही भत्ता मिळत नाही आणि त्यामुळेच त्यांच्यासाठी कुणी भांडत नाही, कार्यालयेही घाईला येत नाहीत. पण स्वातंत्र्यदिनी तहसील कार्यालयासमोर झेंड्याला सलामी द्यायला उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्याच्या छातीवर किती फिती आहेत, हे शेजारचा माजी सैनिक एका नजरेत वाचतो. कोण कुठल्या लढाईत होता, किती वर्षे होता, बर्फात होता की नाही, सगळे त्या फितींत लिहिलेले असते. फीत गेली तर त्या माणसाच्या आयुष्यातला तेवढा तुकडा जगाच्या लेखी घडलेलाच नसतो.

नोंद निसटते कशी? लष्करात जवानाच्या आयुष्यातली प्रत्येक गोष्ट, लग्न, मुलाचा जन्म, बढती, पदक, ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये छापली जाते आणि तिथून ती त्याच्या शीट रोलवर, म्हणजे सेवेच्या मूळ नोंदपत्रावर, चढते. छापलीच नाही तर चढणार कुठून? युद्ध डिसेंबरात संपते, पदकाची घोषणा नंतर होते, पलटणींच्या याद्या त्याहून नंतर तयार होतात. तोवर जवान दुसऱ्या पलटणीत गेलेला असतो, इस्पितळात असतो किंवा सुटून गावी नांगर धरलेला असतो. त्या काळी सात वर्षे प्रत्यक्ष सेवा आणि पुढची आठ वर्षे राखीव, अशीही भरती होती. राखीव जवानांना लढाईसाठी परत बोलावले आणि काम झाल्यावर घरी पाठवले. अशा येण्याजाण्यात कागद मागे राहिला, तर त्यात त्या जवानाचा काय दोष?

दुसऱ्या महायुद्धातल्या माणसांचे तर याहून बिकट. १९४५-४६ मध्ये सैन्य मोडायला घेतले, लाखो जवान घरी गेले. तीन वर्षे देशात सेवा केलेल्यांसाठी ‘इंडिया सर्व्हिस मेडल’ जाहीर झाले तेच १९४६ मध्ये. पदके पाडून तयार होईपर्यंत माणसे गावोगाव पांगलेली, आणि लगेच फाळणी. पलटणी आणि त्यांची दप्तरे दोन देशांत वाटली गेली. या पिढीतल्या बहुतेकांना लष्करी पेन्शन नव्हती. महायुद्धातल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना महाराष्ट्र शासन मानधन देते, त्यासाठीही तेच जीर्ण डिस्चार्ज बुक पुढे करावे लागते.

हे सगळे देशभरच्या जवानांना लागू आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीत त्यात एक वेगळीच अडचण येऊन मिळते. इथे माणूस एका जागी बसून राहिला आणि पत्ता मात्र बदलत गेला. भामरागडच्या परिसरातून १९४३ साली कुणी भरती झाला असेल, तर त्याच्या कागदावर प्रांत मध्य प्रांत व वऱ्हाड, जिल्हा चांदा, तहसील सिरोंचा. १९५० नंतरच्या भरतीला राज्य मध्य प्रदेश. १ नोव्हेंबर १९५६ नंतर मुंबई राज्य. १ मे १९६० नंतर महाराष्ट्र. मग चांद्याचे चंद्रपूर झाले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जिल्हा फुटून गडचिरोली वेगळा झाला, आणि पुढे तालुकेही नवे पडत गेले; आज ते बारा आहेत. एकाच झोपडीचे हे सहा पत्ते. दूरच्या एखाद्या रेकॉर्ड ऑफिसातल्या कारकुनासमोर ‘जिल्हा गडचिरोली, तालुका भामरागड’ असा अर्ज जातो. त्याच्या हातातल्या शीट रोलवर ‘जिल्हा चांदा, तहसील सिरोंचा’ असते. माणूस तोच आहे हे त्याला कुणी पटवायचे?

नावांची गत तीच. भरती नागपुरात किंवा आणखी लांब, लिहून घेणारा हिंदी नाहीतर पंजाबी मुलखातला, लिपी इंग्रजी. मडावीचे मरावी होते, कोवासेचे कोवसे. सिरोंच्याकडच्या तेलुगू घरांत आधी घराचे नाव आणि मग माणसाचे. कारकून मराठी रीतीने वाचतो आणि आडनावाचे नाव करून टाकतो. जन्मतारीख माहीत नाही म्हणून सरसकट १ जुलै. पुढे आधार कार्डावर तिसरेच काही. हल्ली पेन्शनचा कारभार ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीवर गेल्यापासून एका अक्षराचा फरकही अडतो, त्यामुळे निदान या चुका उजेडात तरी येऊ लागल्या आहेत. अशा वेळी भरवशाचा एकच आधार उरतो, तो आर्मी नंबर. नाव दहा प्रकारे लिहिले जाईल, नंबर बदलत नाही. पदकाच्या कडेवरही हाच नंबर, हुद्दा आणि नाव बारीक अक्षरांत कोरलेले असते. म्हाताऱ्याला गावातल्या नातवाचे नाव आठवणार नाही, पण नंबर विचारा, तो ताठ बसून सांगतो.

दुरुस्तीचा मार्ग कागदावर सरळ आहे. अर्ज जायचा तो आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे. महार रेजिमेंटचे सागरला, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे कामठीला, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिकरोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, ईएमईचे सिकंदराबादला. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवलेला बरा. जुनी माणसे त्याला अजून ‘सैनिक बोर्ड’च म्हणतात. सोबत डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांची प्रत, पेन्शनचा आदेश, ओळखपत्र, आणि कोणत्या साली कोणत्या पलटणीत कुठे होतो याचा तारीखवार गोषवारा. नाव-पत्त्याचा घोळ असेल तर प्रतिज्ञापत्र, आणि जिल्हा बदलल्याचे स्पष्ट शब्दांत निवेदन. रेकॉर्ड ऑफिस शीट रोल तपासते, पलटण त्या पदकाला पात्र होती का ते पाहते, आदेश काढते आणि नोंद करते. जवान हयात नसेल तर त्याची पत्नी किंवा वारस अर्ज करू शकतात.

नोंद झाली तरी अर्धेच काम झाले. पदकाचा धातू हाती येणे हे दुसरे प्रकरण. मूळ पदकांचा तुटवडा कित्येक वर्षे इतका होता की सेवेतले जवानसुद्धा छावणीच्या बाजारातून प्रतिकृती विकत घेऊन छातीला लावत. त्यामुळे कुणाकडे पदक आहे आणि नोंद नाही, कुणाकडे नोंद आहे आणि पदक नाही. माझ्या मते यांत नोंद पहिली. प्रतिकृती बाजारात मिळते, नोंद मिळत नाही.

आणि नोंद करायला मूळ दप्तर शिल्लक हवे. जे पेन्शनीला पात्र ठरले नाहीत त्यांची सेवा-कागदपत्रे २५ वर्षांनी नष्ट करण्याचा लष्कराचा नियम आहे. कायम राहतो तो ‘लाँग रोल’, ज्यात माणसामागे चार-दोन ओळी असतात. ‘कागदपत्रे नियमानुसार नष्ट’ हे उत्तर हाती पडले की बहुतेक जण तिथेच थांबतात. थांबू नये. १२ जुलै १९७३ रोजी अमेरिकेत सेंट लुइसच्या लष्करी अभिलेखागाराला आग लागली आणि सुमारे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या फायली जळाल्या. लंडनमध्ये सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांची बहुसंख्य दप्तरे खाक झाली. दोन्हीकडे पगारपत्रके, इस्पितळाच्या नोंदी, पलटणींच्या रोजनिशा, पदकांच्या याद्या अशा बाजूच्या कागदांतून माणसांची सेवा पुन्हा उभी करण्यात आली, अजूनही केली जाते. आपल्याकडे आग लागलेली नाही. लाँग रोल आहे, पलटणींची युद्धदैनंदिनी आहे, जवानाच्या पेटीतले डिस्चार्ज बुक आहे. जुळवणारा माणूस हवा.

वाद झालाच तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. २००७ चा कायदा, २००९ पासून काम सुरू. कारगिलच्या लढाईतले ब्रिगेडियर देविंदर सिंग यांच्या बाबतीत याच न्यायाधिकरणाने २०१० मध्ये, युद्धाचा अधिकृत वृत्तांत एकतर्फी लिहिला गेल्याचे मान्य करून तो दुरुस्त करायला सांगितले. लष्कराचे लिहिलेले बदलू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. पण ब्रिगेडियरला वकील परवडतो. गडचिरोली जिल्ह्यात आजवर रेल्वे स्थानक म्हणून एकटे वडसा, आणि न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईत. पंचविसाव्या वर्धापनदिनाच्या पदकासाठी ऐंशीच्या घरातल्या माणसाने तिथवर जावे, अशी अपेक्षा करणेच मला अन्यायाचे वाटते.

म्हणून मुद्दा उलटा मांडायला हवा. पुरावा देण्याचे ओझे जवानावर का? अमेरिकेने नव्वदच्या दशकात आशियाई वंशाच्या सैनिकांच्या जुन्या फायली आपणहून पुन्हा उघडल्या, आणि जून २००० मध्ये २२ जणांना मेडल ऑफ ऑनर दिले. त्यांतले बरेच तोवर वारले होते. ब्रिटनने आर्क्टिक समुद्रातल्या ताफ्यांवरच्या नाविकांसाठी ‘आर्क्टिक स्टार’ काढला तो २०१३ मध्ये, महायुद्ध संपून ६८ वर्षांनी. आपल्याकडे तर नवे पदक काढायचे नाही, शौर्याची फेरतपासणी करायची नाही. सैनिक कल्याण कार्यालयांकडे माजी सैनिकांची आणि विधवांची यादी असते, कल्याण संघटक असतात. भरतीची आणि सुटण्याची तारीख पाहून कोणाला कोणती पदके लागू होतात याचा तक्ता एका पानात बसतो. पेन्शनीच्या मेळाव्यात डिस्चार्ज बुक हातात घेऊन हा तक्ता पडताळला, आणि निघालेली तफावत कार्यालयानेच एकत्र करून त्या त्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवली, तर कोरची किंवा मुलचेराच्या म्हाताऱ्याला एकही हेलपाटा पडणार नाही.

गडचिरोलीत हे काम आत्ताच करण्याला आणखी एक कारण आहे. इथे माजी सैनिकांची दुसरी एक पिढी तयार होते आहे, खाकीतली. सी-६० हे पोलिसांचे नक्षलविरोधी पथक डिसेंबर १९९० मध्ये उभे राहिले, त्यात याच जंगलातली गोंडी, माडिया बोलणारी पोरे होती. २००९ या एका वर्षात मरकेगावला १५, हत्तीगोट्याला १६ आणि लाहेरीला १७ पोलीस नक्षलवाद्यांच्या हल्ल्यांत गेले. जे वाचले ते पुन्हा त्याच वाटांवर गस्तीला गेले. या सेवेसाठी पोलीस महासंचालकांचे विशेष सेवा पदक आहे, आणि केंद्राने २०१८ मध्ये जाहीर केलेले आंतरिक सुरक्षा सेवा पदकही आहे. नक्षलग्रस्त भागात ठरावीक मुदतीची सेवा एवढीच त्याची अट. हीदेखील हक्काची पदके, आणि इथेही सगळे अडते ते सेवापुस्तकातल्या नोंदीशी. सुरुवातीच्या तुकड्यांतले जवान आता निवृत्त होऊ लागले आहेत. निवृत्तीआधी प्रत्येकाचे सेवापुस्तक वेतन पडताळणीला जातेच. वेतनवाढीची एक तारीख चुकली तर ते परत येते. त्याच टेबलावर, त्याच वेळी, कोणत्या पोलीस मदत केंद्रावर किती वर्षे काढली आणि त्यापोटी कोणते पदक नोंदले गेले, हेही तपासले पाहिजे. नोंद नसेल तर सेवापुस्तक पुढे जाऊ देऊ नये. आज हे काम जिल्ह्याच्या ठिकाणी एका दिवसात होईल. तीस वर्षांनी त्याच माणसाला, किंवा त्याच्या बायकोला, आपण कुठे होतो हे सिद्ध करत फिरावे लागेल.