शिकण्याची नोंद: चार गैरसमज

आयटीआयमध्ये शिकलेल्याचं प्रमाणपत्र मिळतं. वर्कशॉपमध्ये उस्तादाच्या हाताखाली शिकलेल्याची मात्र कागदावर काहीच खूण उरत नाही. दोन्ही प्रकारचं शिकणं एकाच पद्धतीने नोंदवता यावं, यासाठी एक्सएपीआय हे डेटा-मानक आहे. त्याविषयीचे काही समज तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज 1: नोंद फक्त ऑनलाइन कोर्सचीच होते.
वस्तुस्थिती: ही मर्यादा आधीच्या स्कॉर्म या मानकाची. त्यात कोर्स संस्थेच्या ऑनलाइन शिक्षणप्रणालीतूनच उघडावा लागे. तो पूर्ण झाला का, गुण किती, वेळ किती, एवढंच प्रामुख्याने कळे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एडीएल उपक्रमातून 2013 मध्ये एक्सएपीआयची पहिली अधिकृत आवृत्ती आली. त्यातल्या प्रत्येक नोंदीत कोणी, काय केलं आणि कशाबाबत केलं, हे तीन भाग असतात: ‘सुनीताने मोटर वाइंडिंगचा सराव पूर्ण केला.’ सिम्युलेटर, मोबाइल अ‍ॅप किंवा पर्यवेक्षकाने टॅबवर भरलेली तपासणी-यादी, कुठूनही ही नोंद लर्निंग रेकॉर्ड स्टोअर या साठ्यात पाठवता येते.

गैरसमज 2: नोंद झाली म्हणजे शिकणं झालं.
वस्तुस्थिती: ‘व्हिडिओ पाहिला’ यातून तो समजला, हे सिद्ध होत नाही. नोंदीला गुण, लागलेला वेळ, मार्गदर्शकाचं नाव, कामाचा फोटो जोडता येतो. त्यावरून कौशल्य पारखायचं काम जाणत्या माणसाचंच.

गैरसमज 3: हे पाळत ठेवण्याचं साधन आहे.
वस्तुस्थिती: मानक फक्त नोंदीचा साचा ठरवतं. काय नोंदवायचं आणि कोणाला दाखवायचं, हे संस्था ठरवते. म्हणून जाबही तिलाच विचारायला हवा. ईमेलऐवजी सांकेतिक खातेक्रमांक वापरून शिकणाऱ्याची ओळख झाकता येते. चुकीची नोंद गुपचूप बदलता येत नाही. ती रद्द केल्याची वेगळी नोंद करावी लागते.

गैरसमज 4: मानक स्वीकारलं की सगळ्या प्रणालींचा मेळ आपोआप बसतो.
वस्तुस्थिती: 2023 मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने एक्सएपीआयला अधिकृत मानकाचा दर्जा दिला, तरी शब्दांवर एकमत लागतंच. एका प्रणालीत ‘पूर्ण केलं’ आणि दुसरीत ‘उत्तीर्ण’ अशी नोंद असेल, तर दोन्हींची बेरीज फसवी ठरते. म्हणून कोणती क्रियापदं कधी वापरायची, याचे नियम ‘प्रोफाइल’ नावाच्या नियमसंचात लिहिले जातात. कोर्सपुरते असे नियम सीएमआय5 या प्रोफाइलमध्ये आहेत.

ही पद्धत आणणाऱ्या प्रत्येक संस्थेने नोंदींची प्रत शिकणाऱ्याच्या हाती द्यावी. नवी नोकरी मागताना आपल्या अनुभवाचा पुरावा त्याला स्वतःला दाखवता आला पाहिजे. मालकाचा अहवाल भरण्यापुरत्याच या नोंदी राहिल्या, तर हाताने शिकलेल्या माणसाला त्यांचा काहीच उपयोग नाही.