बार्जवाल्यांचा शेजार

वसतिगृहातली माझ्या खोलीतली मैत्रीण बागलकोटची. एके दिवशी वर्तमानपत्र वाचता वाचता तिने मला विचारले, "तू गोव्याची ना? मग मरीना म्हणजे काय ते सांग. तिथे बोटींचे मालक एकमेकांचे शेजारी असतात का?"

मला आधी हसूच आले. गोव्याचा म्हटला की प्रत्येक माणूस समुद्राच्या काठीच जन्मलेला असतो, असा इकडे समज आहे. माझे गाव सर्वण, डिचोली तालुक्यातले. चोर्ला घाट उतरून साखळीकडे आले की आमचा मुलूख लागतो. तिथून समुद्र दिसत नाही. पण तिचा प्रश्न मनात राहिला, कारण बोटींच्या मालकांचा शेजार मी लहानपणापासून पाहिला आहे. मात्र त्या सहलीच्या बोटी नव्हत्या, लोहखनिज वाहणाऱ्या बार्जी होत्या. आणि त्यांतल्या एकीत माझ्या बाबांचा तिसरा हिस्सा होता.

आमची ग्रामपंचायत कारापूर-सर्वण. कारापुरातल्या विठ्ठलापूरला वाळवंटीच्या काठी विठ्ठलाचे देऊळ आहे. त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री तिथे दिव्यांनी सजवलेल्या लहान लहान नौका पाण्यात सोडतात आणि त्या पाहायला दूरदूरचे लोक येतात. ही वाळवंटी पुढे मांडवीला मिळते. आणि मांडवी म्हणजे तुमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई! म्हणजे ज्या पाण्यावर आमच्या बार्जी चालत, त्यातले काही इथलेच होते.

डिचोली तालुक्यात लोहखनिजाच्या खाणी आहेत. ट्रक खनिज घेऊन नदीकाठच्या जेटीवर येत. आमच्या बाजूची जेटी पिळगावच्या सारमानसची. तिथे खनिज बार्जीत भरायचे आणि मांडवीतून मुरगाव बंदरात मोठ्या जहाजापर्यंत न्यायचे. बार्ज म्हणजे सपाट तळाची, पोटात मोठी मोकळी जागा असलेली, स्वतःच्या इंजिनावर चालणारी लोखंडी नौका. दीड हजार टनांची बार्ज घेतली तर दहा टनांचे दीडशे ट्रक तिच्या पोटात रिते होतात. एवढे ओझे रस्त्याने नेणे कोणाला परवडणार? म्हणून गोव्याच्या खाण व्यवसायाचा खरा रस्ता नदी हाच होता.

प्रत्येक बार्जीवर एक मास्टर, एक इंजिन ड्रायव्हर, काही खलाशी आणि स्वयंपाक करणारा भांडारी असे. मोठ्या खाणमालकांच्या स्वतःच्या बार्जी होत्या, तशा बँकेचे कर्ज काढून घेतलेल्या लहान मालकांच्याही होत्या. आमची दुसऱ्या प्रकारची. बाबा आणि त्यांचे दोन मित्र असे तिघे भागीदार. घरी पाहुणे आले की आई म्हणायची, "ह्यांना दोन मुली. एक घरात आणि एक पाण्यात."

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते. घराशेजारी घर असले म्हणजे शेजार होतोच असे नाही. कुंपण घालून माणूस आपल्यापुरता राहू शकतो. पाण्यावर मात्र कुंपण घालता येत नाही. बार्जमालकाला इच्छा असो वा नसो, दुसऱ्या मालकाशी जमवून घ्यावेच लागते. याची तीन कारणे बाबा सांगत.

पहिले कारण भरती-ओहोटी. आमच्याकडे ओहोटीला सुकती म्हणतात. एका भरतीपासून दुसरी भरती सुमारे साडेबारा तासांनी येते, म्हणून भरतीची वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. भरलेली बार्ज पाण्यात खोल बसते; सुकतीला उथळ जागी गेली तर तळ चिखलात रुततो आणि मागच्या सगळ्यांची वाट अडते. घड्याळ पाहून चालणारा धंदा हा नव्हे. चंद्र पाहून चालणारा, आणि चंद्र सगळ्यांना एकच. एकाची बार्ज रुतली की मागच्याचे नुकसान ठरलेले. म्हणून दोर टाकून ओढून काढायला मागचाच आधी धावतो.

दुसरे कारण पावसाळा. पावसाळ्यात आग्वादजवळ मांडवीच्या मुखाशी वाळूचा बांध साचतो, समुद्रही खवळलेला असतो, त्यामुळे तो मार्ग बंद होतो. मग बार्जी कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारी नदीत उतरतात आणि तिथून मुरगावला जातात. हा कालवा सुमारे पंधरा किलोमीटरांचा, अरुंद आणि वळणावळणांचा. समोरून कोण येतो, रिकामा की भरलेला, कोणी थांबायचे आणि कोणी जायचे, हे एकमेकांवर विश्वास असल्याशिवाय निभत नाही.

तिसरे कारण नांगर. काम नसले की बार्जी एकमेकींना बिलगून बांधून ठेवतात. मध्ये जुने टायर लोंबकळत असतात, लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून. अशा रांगेत एकीचा दोर कुजका असला की धोका सगळ्यांना. आपली बार्ज कितीही नीट ठेवा, तिची सुरक्षितता शेजाऱ्याच्या दोरावर अवलंबून!

हे शेजारपण किती खरे, ते २०१२ साली कळले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. त्याआधी २०१०-११ मध्ये गोव्यातून सुमारे पाच कोटी टन खनिज निर्यात झाले होते. एवढा मोठा ओघ एकाएकी थांबला. मी तेव्हा तिसरीत होते. मला आठवते ते एवढेच, की बाबा भरदिवसा घरी दिसू लागले.

बंद पडलेल्या घराला कुलूप लावता येते, बंद पडलेल्या बार्जीला लावता येत नाही. तळात पाणी झिरपते, ते पंपाने काढावे लागते. गंज चढतो. दोर बदलावे लागतात. बँकेचा हप्ता चालू आणि मिळकत शून्य. बाबांच्या रांगेतल्या मालकांनी आमच्या ओसरीवर बैठक घेतली. राखणदार ठेवायचा तर पगाराचे पैसे कोणी किती द्यायचे, यावर वाद झाला. लहान बार्जवाले म्हणाले, टनांप्रमाणे वाटणी करा. मोठे म्हणाले, राखण सगळ्यांची सारखीच, मग पैसेही सारखे. आई चहा देत होती, ती सहज म्हणाली, "पैसे टनांप्रमाणे द्या आणि रात्रीची फेरी पाळीपाळीने सगळ्यांनी सारखी मारा." तसेच ठरले.

पुढच्या पावसाळ्यात एका रात्री नदीला पूर आला आणि रांगेतल्या कडेच्या बार्जीचा दोर तुटला. तिचा मालक तेव्हा इस्पितळात होता. फेरी बाबांची होती. त्यांनी आमच्या बार्जीसाठी घेऊन ठेवलेला नवा दोरखंड तिला लावला आणि पहाटेपर्यंत चौघेजण तिथे उभे राहिले. घरी आल्यावर आईने विचारले, "आपल्यासाठी घेतलेला दोर दिलात?" बाबा म्हणाले, "ती सुटली असती तर आपलीवरच आदळली असती." त्यांच्या बोलण्यात उपकाराचा सूर नव्हता. हिशेबच तो, पण शेजाऱ्याला धरून केलेला.

इथेच हा लेख संपवला असता तर छान झाले असते. पण एक गोष्ट सांगितली नाही तर ते खोटे होईल.

माझी मावशी कुंभारजुव्याच्या कालव्याकाठी राहते. तिची खाजन शेती आहे. खाजन म्हणजे खाडीचे खारे पाणी बांध घालून अडवलेली सखल जमीन. भरलेली बार्ज जोरात गेली की लाट बांधावर आपटते, माती सुटते, आणि एकदा बांध फुटला की खारे पाणी भातात शिरते. एकदा आमच्या ओसरीवर बार्जवाल्यांच्या एकजुटीचे कौतुक चालले असता मावशी बाबांना म्हणाली, "भावोजी, तुमच्या बैठकीला आम्हांला कधी बोलावलेत? आम्हीही त्याच पाण्याचे शेजारी ना?" ओसरीवर कोणी बोलले नाही. बाबा खाली पाहत राहिले. दोराने बांधलेला शेजार त्यांना दिसत होता. काठावरचा दिसला नव्हता.

२०१५ मध्ये खाणी पुन्हा थोड्या सुरू झाल्या, पण २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चपासून काम पुन्हा थांबले. कितीतरी बार्जी भंगारात गेल्या. आमचीही गेली. २०२४ मध्ये डिचोलीच्या खनिज गटात उत्खनन पुन्हा सुरू झाले. बाबा मात्र त्या धंद्यात परत गेले नाहीत. त्या रांगेतले मालक अजून एकमेकांच्या घरी चतुर्थीला जातात. आणि बांधाच्या डागडुजीचे दिवस आले की बाबा दोन दिवस मावशीकडे राहून येतात. याबद्दल ते काही बोलत नाहीत, आम्हीही विचारत नाही.

तर मैत्रिणीला मी असे उत्तर दिले: मरीना म्हणजे सहलीच्या बोटी भाड्याच्या जागेत बांधून ठेवण्याचे बंदर. तिथेही दोर, भरती आणि वादळ सगळ्यांना एकच, म्हणून मालकांचा शेजार जमत असेलच. पण आमच्याकडे जुवारीच्या मुखाजवळ नावशीला मरीनाचा प्रस्ताव आला तेव्हा तिथल्या मच्छीमारांनी आणि गावकऱ्यांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे मला मावशीच्या प्रश्नाहून वेगळे वाटले नाही. पाण्यावर ज्याची बोट आहे तोच तेवढा शेजारी नव्हे. ज्याचे जाळे आहे तोही शेजारी, आणि ज्याचा बांध आहे तोही.

मैत्रीण थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आमच्याकडे कालव्याच्या पाण्यावरून असेच होते. वरच्या शेताचे लोक खालच्यांना बैठकीला बोलवत नाहीत."

म्हणजे गोष्ट केवळ गोव्याची नाही. पाणी असेल तिथे ती आहे.