बारा व्होल्ट दिसतात, मग दिवा का लागत नाही?

मोटारीचे दार उघडूनही छतातला दिवा लागत नाही, तेव्हा आपण प्रथम बल्ब आणि फ्यूज तपासतो. दोन्ही ठीक निघाले की बल्ब काढून त्याच्या जागी मीटर लावतो, आणि दार उघडे असताना मीटर चक्क १२ व्होल्ट दाखवतो! मीटर बिघडलेला नाही. मग अडचण कोठे आहे?

मोटारीत परतीची वेगळी तार सहसा नसते. बॅटरीचे ऋण टोक लोखंडी सांगाड्याला जोडलेले असते. मारुती ८०० सारख्या जुन्या, साध्या गाड्यांत फ्यूजमधून आलेली तार बल्बच्या एका टोकाला कायम जोडलेली असते. दुसरे टोक दाराच्या चौकटीतील बटणावाटे सांगाड्याला मिळते. घरातील बटण दिव्याच्या आधी, फेज तारेवर असते. येथे ते दिव्याच्या नंतर आहे. (नव्या गाड्यांत हे काम बहुधा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक करतो, त्यांची गोष्ट निराळी.)

हे बटण पावसाळी हवेत गंजते. समजा, गंजामुळे तेथे १०० ओहम रोध निर्माण झाला. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १ कोटी ओहम असतो. दोघे एकसर जोडणीत असल्यामुळे विभवांतर रोधांच्या प्रमाणात वाटले जाते. गंजाच्या वाट्याला जेमतेम ०.१२ मिलिव्होल्ट येतात, बाकी सारे मीटरला!

बल्बचे तसे नाही. १० वॅटच्या बल्बचा रोध पेटलेला असताना १४.४ ओहम, पण थंड असताना त्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढाच असतो. आता जवळजवळ सगळे विभवांतर गंजच खातो. बल्बला अर्धा व्होल्टही मिळत नाही, म्हणून तंतू तापत नाही. त्याच जागी एलईडी बसवला तर तो मंद उजळूही शकतो, कारण त्याला विद्युतधारा थोडी लागते.

तेव्हा तपासणी बल्ब जागेवर ठेवून, दार उघडे ठेवूनच करावी. मीटरचे एक टोक बटणाच्या तारेला आणि दुसरे सांगाड्याच्या रंग खरवडलेल्या भागाला लावावे. बटण चांगले असेल तर जवळजवळ शून्य दिसेल; गंजलेले असेल तर जवळजवळ १२.

वर्गात हे दाखवायला गाडी नको. दीड व्होल्टचे चार सेल, ६ व्होल्टचा टॉर्चचा बल्ब आणि १०० ओहमचा अर्ध्या वॅटचा रोधक एकसर जोडावेत. आधी बल्ब काढून त्याच्या धारकावर मीटर लावावा, मग बल्ब बसवून. दुसरे वाचन घेण्यापूर्वी विद्यार्थ्यांना अंदाज विचारावा.