चार अधिक चार फूट

पाट-चौरंग मी घरीच करते. पण झोपाळ्याच्या सहा फुटी फळीला रंधा मारायचा तर टेबलही लांब हवं, आणि रात्री त्याच खोलीत मुलांच्या गाद्या! झोपाळ्याची ऑर्डर आली की नाही म्हणायचं, दुसरं काय?

शेवटी चार-चार फुटांची दोन टेबलं केली. नुसती एकमेकांना टेकवली तर रंध्याच्या धक्क्यानं सरकतात. मैत्रिणींनो, जुन्या ट्रंकेला ओढून दाबायची कडी असते ना? तशाच दोन कड्या खालून लावल्या. पण कडी फक्त ओढते. दोन्ही फळ्या एका पातळीत ठेवतात त्या कडेत ठोकलेल्या दोन लाकडी खुंट्या. समोरच्या फळीत एकीसाठी भोक गोल, दुसरीसाठी रुंदीच्या दिशेनं जरा लांबट, कारण पावसाळ्यात लाकूड रुंदीला फुगतं. आणि हो, कड्या होतील तितक्या वर, फळीलगतच हव्यात. खाली पायांना लावल्या, तर तळ आवळतो अन् वर फट उघडते.

सकाळी खट्‌ खट्‌ झालं, की सासूबाई आतून विचारतात, "लागली का गं तुझी ट्रंक?" झोपाळ्याच्या दोन फळ्या गेल्यासुद्धा; तिसरी टेबलावर आहे.